लेन चारचा डावा हात

कर्णिकमॅडम माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी हातांकडे. भाजीवाला असो नाहीतर महापालिकेतला साहेब. मी ठाण्याच्या तरणतलावावर बायकांच्या चेंजिंग रूमच्या साफसफाईला लागलेले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरी टोपी. माझ्या हातातल्या वायपरकडे बघत म्हणाल्या, "डावखुरी आहेस. गाव कुठलं?"

काही चुकलं की काय, या भीतीने मी वायपर पाठीमागे लपवला. "उदगीरच्या पुढं."

"पोहता येतं?"

"विहिरीत शिकलेय. भोपळे बांधून."

"म्हणजे भिंत माहीत आहे तुला. छान."

भिंतीत काय एवढं छान, ते मला वर्षभराने कळलं. मॅडम बँकेतून निवृत्त झालेल्या, वर्तकनगरला एकट्या राहायच्या आणि पोहण्याच्या स्पर्धांना टर्न जज म्हणून उभ्या राहायच्या. म्हणजे लेनच्या टोकाला, अगदी काठावर, कमरेतून वाकून बघायचं, की पोहणाऱ्याने भिंतीला हात नियमाप्रमाणे लावला की नाही. ब्रेस्टस्ट्रोकला आणि बटरफ्लायला दोन्ही हात एकदम लागायला हवेत. चुकलं, तर जजने हात वर करायचा. मग रेफरी येतो, चिठ्ठी लिहिली जाते आणि पोर बाद. बाकीचे जज शर्यत सुरू होईपर्यंत खुर्चीत बसत. मॅडम आधीपासूनच उभ्या.

दुपारी तलाव रिकामा असला की त्या मला काठावर बसवून समजावत. देशाची एक संघटना, तिच्याखाली राज्याची, तिच्याखाली जिल्ह्याची. पोहणं, सूर मारणं, वॉटर पोलो, सगळं एकाच घरात. वॉटर पोलोचं नाव निघालं की त्या हसायच्या, "पाण्याखाली कोण कुणाला लाथा मारतं ते पाण्यालाच ठाऊक, बाई. मी त्या वाटेला जात नाही." नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. त्यांनी माझ्यासाठी ते एका दोनशेपानी वहीत मराठीत उतरवून काढलं. मी विचारलं, एवढे नियम कशाला? तर म्हणाल्या, "डोंबिवलीच्या पोरीने हात लावला काय आणि दिल्लीच्या पोरीने लावला काय, भिंत एकच असली पाहिजे. संघटना म्हणजे तेवढंच. बाकी सगळे हार-तुरे."

आणि पुढचं वाक्य तर मी रोज ऐकायचे. "दिसलं ते लिहायचं. वाटलं ते घरी न्यायचं."

जिल्ह्याच्या टाइमकीपरच्या परीक्षेचा फॉर्म त्यांनीच आणला. त्यात शिक्षणाचा रकाना होता. माझी शाळा आठवीत सुटलेली. पेन तिथेच अडलं. हळूच म्हटलं, "मॅडम, दहावी लिहू का? कोण बघतंय?"

"तुला दहावी दिसली होती का?"

"नाही."

"मग आठवी लिही. आणि अक्षर नीट काढ, आठवीला शोभेल असं."

मी पास झाले. आंबिवलीच्या आमच्या खोलीत मी पांढरा शर्ट इस्त्री करून दाराला लावला, तेव्हा नवरा म्हणाला, "डॉक्टरीण झालीस काय गं?" मला हसू आलं. पण तलावावर माझं स्वतःचं असं कुणी नव्हतं. ज्या जागी उभी होते, ती जागा मॅडमनी दिलेली होती.

मग त्या वर्षीची निवड स्पर्धा आली. इथे जी मुलगी पहिली येईल ती राज्याला जाणार होती, आणि राज्याहून राष्ट्रीयला. दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोक. लेन चारला कोळीवाड्यातली श्रावणी. त्या लेनचं घड्याळ माझ्या हातात, आणि माझ्या शेजारी लेन चारच्या टर्न जज कर्णिकमॅडम.

शंभरला मधली वेळ टिपायची असते, म्हणून माझी नजर भिंतीवरच होती. श्रावणी आली, दोन्ही पंजे एकदम फरशीवर आपटले, वळली. मी आकडा लिहिला. मान वर केली, तर मॅडमचा हात वर.

माझे कान बंद झाले. अजून शंभर मीटर बाकी होते. श्रावणी सगळ्यांच्या पुढे होती, आणि आपण बाद झालोय हे तिला माहीत नव्हतं. गॅलरीतून तिची आई ओरडली, "माझे पोरीचे दोनी हात लागलेत, गो बाय!" टाइमकीपरने जजच्या कामात बोलायचं नसतं, हे त्या वहीतच लिहिलेलं. आणि मी कोण बोलणार? ज्यांनी मला भिंत शिकवली, त्यांना मी सांगू, की तुमचं चुकलं? ती पोर भिंतीला लागेपर्यंत मी घड्याळावरचा अंगठा हलू दिला नाही, तेवढंच जमलं. ती पहिली आली.

रेफरी पलीकडून यायला निघाले. मॅडम चिठ्ठी लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी सवयीने माझ्या हातांकडे बघितलं.

"घड्याळ का थरथरतंय गं?"

मी घड्याळ पाठीमागे नेलं.

"वर्षा. काय दिसलं तुला?"

"दोन्ही, मॅडम. एकदम." आणि मला रडूच आलं.

त्या रागावल्या नाहीत. चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली, मग मान उजवीकडे वळवून परत वाचली. रेफरी आल्यावर म्हणाल्या, "सर, मी लिहिलंय, डावा हात लागला नाही. ते खोटं आहे. डावा हात मला दिसला नाही. एवढंच खरं आहे."

"मॅडम, नक्की काय लिहू?"

"काही नाही. शंका आली तर फायदा पोहणाऱ्याचा. पोरीला जाऊ दे." त्यांनी चिठ्ठी फाडली आणि टोपी काढली. "आणि पुढच्या शर्यतीला इथे दुसरं कुणी उभं करा. समोरून येणाऱ्याचा डावा हात माझ्या उजवीकडे येतो, आणि तिकडचं मला बरेच दिवस धूसर दिसतंय. मला वाटत होतं, पाणीच गढूळ आहे."

मी दिवसभर त्यांच्यासमोर गेले नाही. संध्याकाळी चेंजिंग रूमला कुलूप लावताना त्या मागून आल्या. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं, मॅडम."

"तुझ्यामुळे? डोळा माझा, बाई. तू घाबरली होतीस, पण घड्याळ बरोबर दाबलंस. ते मी बघितलं. डाव्या डोळ्याने." मग पिशवीतून टोपी काढून माझ्या हातात दिली. "तुला मोठी होईल. आतून टाका घाल."

डॉक्टरांनी सांगितलं, आहे ती नजर टिकवायची, गेलेली येणार नाही. त्या परत काठावर उभ्या राहिल्या नाहीत. पुढे टर्न जजची परीक्षा मी दोनदा दिली, दुसऱ्या वेळी पास झाले. आता त्या टोपीला आतून टाका आहे.

मॅडम स्पर्धा चुकवत नाहीत. गॅलरीतल्या खालच्या पायरीवर, कठडा धरून बसतात. गेल्या रविवारी बटरफ्लायच्या शर्यतीत मी पहिल्यांदा हात वर केला. डावा हात आधी लागला होता, उजवा मागून. मला स्वच्छ दिसलं होतं. चिठ्ठी देऊन मी त्यांच्याजवळ गेले. त्यांनी चाचपडून माझे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "वर केलास ना आज?"

"तुम्हाला दिसला, मॅडम?"

"नाही गं. वाटलं."

"मग घरी न्या," मी म्हटलं.

केवढ्या मोठ्याने हसल्या. रेफरीने आमच्याकडे बघून शिट्टी वाजवली.