नारळ अण्णांच्या हातचा

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो. खून, दरोडे, सगळं एकमेकांत मिसळून गेलं. पण बंगळूरचं हे इंजिनांचं प्रकरण जसंच्या तसं लक्षात आहे, आणि आठवलं की अजून डोकं तापतं.

साठचं दशक नुकतंच लागलं होतं. बसवनगुडीच्या बाजूला एका ठाण्यात मी सब-इन्स्पेक्टर होतो. आसपासच्या खेड्यांत विहिरींवरच्या मोटा जाऊन डिझेलची इंजिनं येत होती. आमच्या हद्दीत या इंजिनांचे एक जुने विक्रेते होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. घराणं माझ्यासारखंच, पिढ्यानपिढ्या इथं राहिलेलं मराठी, बोलण्यात निम्मं कन्नड. कंपनीनं एजन्सी दिली होती ती नुसत्या शब्दावर. कंपनीचा साहेब आला की अण्णांच्या पंगतीला जेवायचा. मग कारखाना वाढला. कंपनीला काचेची शोरूम हवी झाली, फाडफाड इंग्रजी बोलणारा एजंट हवा झाला. एजन्सी काढून घेतली आणि दिली कुणाला, तर अण्णांच्याच दुकानात धंदा शिकलेल्या तरुणाला. गरज सरो, वैद्य मरो. अण्णांनी त्याच रस्त्यावर, शोरूमच्या समोर, सुट्या भागांचं लहानसं दुकान मांडलं.

शेतकऱ्यांनी मात्र एक रीत सोडली नाही. इंजिन नव्या एजंटाकडून घ्यायचे, पण बैलगाडी अण्णांच्या दारात थांबायची. अण्णा इंजिनाला कुंकू लावायचे, नारळ फोडायचे, मगच गाडी गावाकडे. अण्णांचा हातगुण चांगला, अशी सगळ्या पंचक्रोशीची श्रद्धा होती. एजन्सी गेल्यावर त्या म्हाताऱ्याकडे उरलं होतं ते एवढंच.

एके दिवशी नवा एजंट खबर द्यायला ठाण्यात आला. इस्त्रीचे कपडे, रडवेला चेहरा.

"सांगायला जीभ रेटत नाही, साहेब," तो म्हणाला. "मी विकलेली इंजिनं एकामागून एक जाम होताहेत. सगळी नाही. जी अण्णांच्या दारात नारळाला थांबली, तेवढीच. एजन्सी गेलेली त्यांना सोसली नाही."

मी खात्री केली. गोष्ट खरी होती. सरळ गावी गेलेलं एकही इंजिन बिघडलं नव्हतं. एक बंद पडलेलं इंजिन पंचांसमक्ष उघडलं, तर आत तेलात एमरी पावडर, मिस्त्री लोक व्हॉल्व्ह घासायला वापरतात ती. तिनं बेअरिंगं पार खाऊन टाकली होती. पंचनामा झाला. हेतू अण्णांकडे, संधीही अण्णांकडे.

मी त्यांना ठाण्यात बोलावून घेतलं.

"खरं सांगा अण्णा. तुमच्याच दुकानात शिकलेल्या पोरानं तुमच्या पुढचं ताट ओढलं. पोटात दुखत नाही?"

"दुखतं की," अण्णा म्हणाले. "त्याच्या बोर्डाकडे नजर गेली की रोज दुखतं. मी काय देव आहे? पण इंजिन शेतकऱ्याचं आहे हो, त्याचं नाही. कुंकू लावून त्यात माती कालवीन मी? सरी, बरं तर, अटक करायची तर करा. आधी स्वल्प पाणी द्या."

मला आधी संशय येतो तो हेवा लपवणाऱ्या माणसाचा. यांनी तर तो उघड्यावर मांडला. मी अटक लांबवली, जबाब घेऊन त्यांना घरी पाठवलं आणि ज्यांनी ज्यांनी इंजिन घेतलं होतं त्यांच्या गावांना निघालो.

होसकोट्याकडे एका बाईच्या मळ्यात इंजिन धडधडत होतं. बंद करायला सांगितलं तर ती उखडली.

"भाजी तुम्ही भिजवणार का? विचारा पटकन."

"अक्का, याचा नारळ कुणी फोडला?"

"अण्णांनी. दुसरं कोण? पण दुकानात बोलले नाही मी. अण्णांचं नाव काढलं की तो एजंट तोंड वाकडं करतो. गाडी सरळ घरी आणली आणि पूजेला अण्णांना इथं बोलावलं. दुपारभर होते. इंजिन त्यांनीच सुरू करून दिलं."

परत येताना जीपमध्ये माझं डोकं चालू लागलं. अण्णांना याहून चांगली संधी कुठली? आणि हेच इंजिन ठणठणीत. म्हणजे अण्णांचा हात लागल्यानं इंजिन बिघडत नव्हतं. अण्णांचा हात लागल्याचं एजंटानं पाहिलं की बिघडत होतं. आता त्याच्याकडून इंजिनापर्यंत नंतर काय पोचत होतं? चौकशीत कळलं, पहिल्यांदा तेल बदलायची वेळ आली की तेलाचा डबा तो प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट पाठवायचा. बिघडलेल्या एका इंजिनाच्या मालकाकडे डब्यात तळाला थोडं तेल उरलं होतं. बोटांत चोळलं तर खरखर लागलं. झाकण एकदा उघडून पुन्हा कथलाचा डाग देऊन बंद केलेलं. शोरूमची झडती घेतली, मागच्या खोलीत पावडर आणि डाग द्यायचं सामान मुद्देमाल म्हणून जप्त केलं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

तो फार वेळ टिकला नाही.

"बोर्ड माझा आहे साहेब, एजन्सी माझी आहे," तो म्हणाला. "माल मी देतो, दुरुस्तीला माणूस मी पाठवतो. आणि गाडी थांबते समोर. मी काचेआडून बघायचो. लोक त्यांच्या पाया पडायचे. एकदा मीच नारळ घेऊन पुढं झालो, तर शेतकरी म्हणाला, राहू दे, अण्णा फोडतील. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागलं नाही."

त्याला शिक्षा झाली. कंपनीनं एजन्सी तिसऱ्याच माणसाला दिली आणि हात झटकले.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. हेवा शोधायचा तर आम्ही आधी हरलेल्याच्या घरात शिरतो. पण ज्याला सगळं मिळालं आणि एकच गोष्ट मिळाली नाही, त्याचा जळफळाट जास्त वाईट. हरलेला निदान रडून मोकळा होतो.

खटल्यानंतर मी अण्णांच्या दुकानी गेलो होतो. बोलत असतानाच समोरून नवं इंजिन लादलेली गाडी आली. गाडीवाल्यानं अण्णांना नमस्कार केला, पण बैल थांबवले नाहीत. मी धावत जाऊन त्याला जाब विचारला. अण्णा निर्दोष ठरलेत, कळलं नाही का?

"कळलं की साहेब. अण्णा देवमाणूस," तो खाली बघत म्हणाला. "पण त्यांचा नारळ झालेली इंजिनं बसली ना? विषाची परीक्षा कशाला?"

मी परत येऊन बसलो. म्हणालो, "अण्णा, तो तुरुंगात आहे."

"आहे ना," अण्णा म्हणाले. "पण त्याला हवं होतं ते झालं."