ताईंनी सांगितलेली उत्तरं

आमच्या खराडीच्या ऑफिसात काही अडलं की तक्रार नोंदवायची रीतसर सोय होती आणि ती कोणी वापरत नसे. सगळे खाली मदत-डेस्कवर ताईंकडे जात. पार्किंगचा पास, ओळखपत्र, हरवलेली छत्री, सगळ्याचं उत्तर त्यांच्याकडे असे आणि ते टोमण्यासकट मिळे. "फॉर्मवर लिहिलंय. वाचता येतं ना आपल्याला?" असं म्हणायच्या आणि फॉर्म स्वतःच भरून द्यायच्या.

साहेबांनी मला ऑफिसच्या चॅटवर प्रश्नांची उत्तरं देणारा बॉट बसवायला सांगितला. असलं काम मी पूर्वी केलेलं नव्हतं. नवशिक्या बॉटला सुरुवातीला एवढंच येतं: समोरचा जे लिहील ते जसंच्या तसं परत पाठवायचं. तो बोलतोय एवढी खात्री झाली की मग पुढचं शिकवायचं. परवानग्या देताना मी चाचणीच्या ग्रुपऐवजी अख्ख्या ऑफिसचा ग्रुप निवडला आणि खुशाल चहाला गेलो. परत येतो तर गोंधळ. कोणीतरी तापामुळे रजा टाकली होती, तर बॉटलाही ताप आला होता. ताईंनी विचारलं होतं, "हा कोण शहाणा?" बॉटने त्यांनाही तेच विचारलं होतं.

साहेबांनी माझी सर्वांसमक्ष बिनपाण्याने केली. ते गेल्यावर ताई जिना चढून माझ्या जागेपाशी आल्या. "अरे, नुसता पोपट करून ठेवलायस. काहीतरी शिकव त्याला. थांब, मी सांगते, तू लिहून घे."

मग दहा-बारा दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही तेच केलं. एका हातात पोळीची गुंडाळी धरून त्या सांगत, मी टाइप करी. मी टोमणे गाळले आणि प्रत्येक उत्तराआधी 'कृपया' लावलं. त्यावर त्या म्हणाल्या, "आता कोणी ऐकणार नाही त्याचं." एकदा म्हणाल्या, "नवीन पोरगी पहिल्या आठवड्यात रडत आली तर आधी पाणी द्यायचं, मग विचारायचं." ते कुठे लिहावं मला कळेना. मी राहू दिलं.

याच दिवसांत साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. महिनाअखेर डेस्क बंद होणार होतं. "त्यांना आत्ताच काही बोलू नकोस. उत्तरं अर्धवट राहतील." मी मान डोलावली. पुढच्या महिन्यात मला कायम करायचं की नाही हे तेच ठरवणार होते. हे कारण मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिलंय. ते दर वेळी कमीच पडतं.

आम्ही दोघं विश्रांतवाडीचे. संध्याकाळी त्या माझ्या स्कूटरवर मागे बसून येत. एका संध्याकाळी सिग्नलला थांबलो असताना त्या म्हणाल्या, "आमच्या घरामागच्या शाळेत कारकुनाची जागा निघालीय. पगार जरा कमी आहे, पण चालत जाता येईल. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. तुझा तो बॉट सुरू झाला तरी माझं काम राहील ना रे?"

त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता. तो दिसत असता तर मला जमलं नसतं.

"राहील की," मी म्हणालो. "उलट तुमचा ताण कमी होईल."

"मग नाही कळवत त्यांना," त्या म्हणाल्या. सिग्नल सुटला.

महिनाअखेरीला त्यांना पत्र मिळालं. त्या दिवशी त्या माझ्याबरोबर येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो, खरं तर तशी आशाच करत होतो. पण त्या डबा आणि देवळाच्या प्रसादाची एक रिकामी डबी पिशवीत घालून नेहमीसारख्या गेटवर उभ्या होत्या.

 निम्म्या वाटेवर त्यांनीच सांगितलं, "दुपारी शाळेत फोन केला होता. जागा भरली म्हणाले." मी आरशात पाहिलं नाही. रडायचा हक्क माझा नव्हता.

चौकात उतरल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू कशाला तोंड पाडून बसलायस? तुला तरी कुठे ठाऊक होतं? ठाऊक असतं तर तू मला सांगितलंच असतंस."

मी "हो" म्हणालो.