पुटपुटमामांचा कोरा आवाज

नाटक मंडळीत ज्याचा आवाज प्रेक्षकांना ऐकू येता कामा नये असा एकच माणूस असतो, तो म्हणजे प्रॉम्प्टर. इथल्या प्रॉम्प्टरला सगळे पुटपुटमामा म्हणत. एकतीस वर्षं ते डाव्या विंगेत बुटक्या स्टुलावर बसले, मांडीवर नाटकाची वही, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. नट अडखळला की पुढचं वाक्य त्याच्या कानात टाकायचं, एवढंच काम. त्यांचा नियमही एकच होता. वाक्य कोरं द्यायचं. राग, लोभ, रडू त्यात घालायचं नाही, ते नटाने बघावं. त्यामुळे "तुझ्यावाचून मी जगू कशी?" हे वाक्य मामांच्या तोंडून कचेरीतली नोटीस वाचल्यासारखं यायचं. नव्या नट्या भर प्रयोगात हसू दाबत.

कपडेपट सांभाळायला दोघी सख्ख्या बहिणी होत्या. थोरली इस्त्री आणि मापं बघायची, धाकटी शिवण आणि धुणं. दोघींचं भांडण रोज व्हायचं आणि रोज चहाच्या आत मिटायचं. थोरली फटकळ, पण कानाची हलकी. हे तिने पुढे स्वतःच कबूल केलं, म्हणून लिहायला हरकत नाही.

मॅनेजरला धाकटीच्या जागी आपली मेहुणी बसवायची होती. दोघी एक असताना ते जमणारं नव्हतं, म्हणून त्याने आधी दोघींना वेगळं केलं. आरडाओरडा नाही की दमदाटी नाही. माणूस असा गोड, की केसाने गळा कापेल आणि वर विचारेल, दुखलं तर नाही ना! राणीच्या मखमली झग्याला एक जळकं भोक पडलेलं निघालं, आणि दोन दिवसांत दोघी बहिणी बोलायच्या बंद झाल्या. थोरली म्हणे, जाळला हिने आणि नाव माझं सांगते. धाकटीही थोरलीबद्दल हेच म्हणे. समोरासमोर मात्र कोणी काही विचारलं नाही. एकीने टाचण्यांचा डबा उचलून खिडकीपाशी नेला, दुसरीने दोऱ्यांची रिळं इस्त्रीपाशी ठेवून घेतली. वीस वर्षांचं एकच टेबल दोन झालं.

गंमत बघा. त्याच दिवसांत रंगमंचावर एका कपटी प्रधानाचं नाटक चाललं होतं. प्रधान दोन राजपुत्रांचे कान भरतो, ते एकमेकांवर तलवार उपसतात आणि राज्य प्रधानाच्या हाती जातं. थोरली हातात कपड्यांचा ब्रश घेऊन विंगेत उभी राहायची आणि दर प्रयोगाला चरफडायची.

"अरे गाढवांनो, एकदा समोरासमोर बोला की!"

शेजारच्या स्टुलावर मामा वहीचं पान उलटत. थोरलीला बहिणीशी बोलून सतरा दिवस झाले होते.

अठराव्या दिवशी दुपारी मॅनेजरने तिच्या टेबलावर एक कागद ठेवला. झगा धाकटीने निष्काळजीपणे जाळला आणि लपवला, अशी तक्रार. खाली थोरलीची सही हवी होती. सही झाली असती तर धाकटीची नोकरी त्याच दिवशी गेली असती. "पाचपर्यंत द्या, ताई. घाई नाही," असं म्हणून तो गेला.

तेवढ्यात मामा शर्टाचं बटण लावून घ्यायला आले. त्यांनी कागद वाचला, खिडकीकडे वळून धाकटीला हाक मारली आणि दोघींच्या मधे स्टूल ओढून बसले. वही नव्हती, तरी हात मांडीवर वही असल्यासारखेच ठेवले. कपडेपट आणि पाण्याची टाकी त्यांच्या विंगेला लागूनच, तिथलं बोलणं त्यांना स्टुलावर ऐकू यायचं.

"रविवार. इस्त्रीच्या टेबलापाशी. मॅनेजर थोरलीला," मामा त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले. "ताई, मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. झगा तिने जाळला आणि नाव तुमचं सांगते. सख्खी बहीण अशी निघावी, मला रडू येतं. माझं नाव मधे आणू नका."

थोरलीने हातातली इस्त्री बाजूला ठेवली.

"सोमवार. पाण्याच्या टाकीपाशी. मॅनेजर धाकटीला. ताई, मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. झगा तिने जाळला आणि नाव तुमचं सांगते. सख्खी बहीण अशी निघावी, मला रडू येतं. माझं नाव मधे आणू नका."

पहिल्या धुण्यातच रंग जावा तशी ती वाक्यं झाली होती. गोडवा गेला, ओले डोळे गेले, खांद्यावरचा हात गेला, आणि उरलं ते चार ओळींचं पाठ केलेलं भाषण. धाकटी म्हणाली, "ताई, माझ्यापाशी तर तो खरंच रडला होता गं."

थोरलीने झगा खाली घेतला आणि सतरा दिवसांत पहिल्यांदा ते भोक नीट बघितलं. वाटाण्याएवढं, गोल. इस्त्रीचा डाग असा कधी पडतो? वीस वर्षं इस्त्री धरलेल्या बाईला हे सांगावं लागतं का? ते सिगारेटचं भोक होतं, आणि झगा आधीचे दोन दिवस फोटोसाठी मॅनेजरच्याच खोलीत टांगलेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती मटकन बसली आणि रडली. धाकटी उठून टाचण्यांचा डबा परत घेऊन आली.

"मामा, हे आधी का नाही सांगितलंत?" थोरलीने विचारलं.

"चुकलंच माझं. नटाने मागितल्याशिवाय वाक्य द्यायचं नाही, ही सवय. मला वाटलं, तुम्ही विचाराल एकमेकींना. फुकट गेले बघा तुमचे सतरा दिवस."

पाच वाजता मॅनेजर आला. दोघी एकाच टेबलाशी बसलेल्या. "ताई, मी तुमच्या..." त्याने सुरुवात केली.

"भल्यासाठी सांगतोय," धाकटीने कोऱ्या आवाजात पुढचं दिलं.

त्याचा चेहरा पडला. कागद उचलून तो निघून गेला. पुढे दोन वर्षं तो मॅनेजर राहिलाच, आभाळ काही कोसळलं नाही. पण त्या दोघींपैकी एकीला बाजूला घेऊन तो पुन्हा कधी बोलला नाही.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी मंडळीने त्यांना पहिल्यांदाच रंगमंचावर खुर्चीत बसवलं. चार शब्द बोलायला थोरलीला उभं केलं. आठ दिवस ती इस्त्री करता करता भाषण घोकत होती. माइक समोर आला, मामांकडे नजर गेली आणि सगळं साफ विसरली. तोंड उघडं, शब्द नाही.

मामांचे हात आपोआप मांडीवर गेले. कपडेपटातलं सगळं त्यांच्या कानावर पडायचंच.

"मामांनी माझी बहीण मला परत दिली," त्यांनी हळूच वाक्य दिलं.

माइकने ते पकडलं आणि लोक हसले. थोरलीने ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं आणि पुढच्यासाठी त्यांच्याकडे पाहिलं. मामांनी घसा खाकरला, ओठ हलवले, चष्मा काढला. पुढचं वाक्य आभाराचं होतं. ते काही त्यांना कोरं देता येईना.