डावा दरवाजा

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आमच्याच खांबावर, गेला हिवाळाभर एक सूचना चिकटवलेली होती. मजकूर नवऱ्याचा, अक्षर माझं. "ज्यांना उभी असलेली गाडी दिसत नाही, त्यांनी वाहन चालवण्याचा अट्टहास सोडावा. आमच्या गाडीचा डावा दरवाजा आपल्या सरावासाठी ठेवलेला नाही." खाली फ्लॅटचा नंबर. वारज्यात येऊन आम्हांला पंधरा वर्षं झाली, पण दोघांचाही जन्म पुण्याच्या पेठेतला. त्यामुळे शेजाऱ्याशी बोलण्यापेक्षा त्याला लिहून कळवणं आम्हांला सोपं जातं. 'दिसत नाही' या शब्दांखाली मी लाल स्केचपेननं रेघही मारली होती. ती रेघ अजून आठवते.

गाडीवर ओरखडे उठायला लागले ते दिवाळीनंतर. आधी डाव्या आरशाच्या कडेला, मग दरवाज्यावर, मग मागच्या चाकाच्या वर. नवऱ्याचा संशय सरळ दुसऱ्या मजल्यावरच्या काकांवर गेला, कारण त्यांची राखाडी स्कूटर आमच्या डाव्या बाजूला लागायची. काका बँकेतून निवृत्त झालेले, अबोल. सूचना लावल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्याखाली निळ्या पेननं लिहिलं, "वाचले. आम्हांस दिसते," आणि स्कूटर थेट गेटजवळ नेऊन लावायला सुरुवात केली. आम्ही दोघं हसलो. स्कूटर गेल्यावरही आठवड्याभरात नवा ओरखडा उठला, तेव्हा नवरा म्हणाला, "मुद्दाम करतोय म्हातारा." मीही मान डोलावली.

ओरखड्यांत पिवळा रंग होता. मी स्वतः तो ओल्या फडक्यानं घासून पाहिला होता. आमचा खांब पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा आहे, आणि सूचना त्याच खांबावर होती. पण दुसऱ्याची चूक शोधायला निघालं की माणूस किती आंधळा होतो, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्या दिवसांत माझी तक्रार निराळीच होती. मी कर्वेनगरमधल्या एका कॉलेजात शिकवते. कामावर जाताना नवरा मला तिथे सोडायचा. पूर्वी सिग्नलला गाडी थांबली की तो माझ्याकडे बघून बोलायचा. आता बघेनासाच झाला होता. मी काहीही सांगितलं तरी समोरच्या काचेकडे बघून "हं" म्हणायचा. एकदा मी मुद्दाम तोंड उघडलं नाही. कॉलेज येईपर्यंत त्याला पत्ताच नव्हता. मी बहिणीला फोनवर म्हणाले, "चोवीस वर्षांनी बायकोचं सीटकव्हर होतं बघ." ती खो खो हसली. मला मात्र मनातून फार लागलं होतं. कोणी दुसरी आहे का, इथपर्यंत माझी मजल गेली होती, हे आता लाज सोडून लिहिते.

म्हणूनच शुक्रवारची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आलेली दिसली, तेव्हा कोकणात जायचा घाट मी घातला. समुद्राजवळ एका घरगुती ठिकाणी खोली मिळाली. तीन दिवस फक्त दोघं. दोघांतच काय ते बोलून टाकू, असं मी ठरवलं होतं.

शुक्रवारी सकाळी चांदणी चौकात अख्खं पुणे आमच्या पुढे होतं. "सगळ्यांनाच आज बायकोवर प्रेम आलंय," नवरा म्हणाला. मी हसले. बरं वाटलं. पौड मागे टाकलं, मुळशीचं पाणी दिसायला लागलं, मग ताम्हिणीची वळणं सुरू झाली. तिथे पहिल्यांदा माझा हात दरवाज्याच्या कडीवर गेला. गाडी सारखी डावीकडे सरकत होती. आधी डांबर सुटून खडीचा आवाज आला, मग पुन्हा, मग पुन्हा. कडेचे पांढरे दगड माझ्या खिडकीच्या इतके जवळून जात होते की मी पाय आखडून घेतले.

"अहो, जरा उजवीकडून घ्या ना."

"मधोमध चाललोय. तू झोप बरं."

एका वळणावर एक म्हातारा मध विकत उभा होता. डावीकडे, कठड्याला टेकून. गाडी थांबवण्यासाठी त्यानं हात वर केला. त्याचा चेहरा मोठा मोठा होत गेला आणि गाडी हटेना. मी स्टिअरिंग धरून उजवीकडे ओढलं. म्हाताऱ्यानं कठड्यावर अंग टाकलं आणि हातातली बाटली खाली फुटली. नवऱ्यानं ब्रेक मारला आणि माझ्यावर ओरडला, "वेडी आहेस का? चालत्या गाडीत हे काय?"

"माणूस होता."

"कुठे?"

म्हातारा आता मागे राहिला होता आणि आम्हांला शिव्या घालत होता. नवऱ्यानं आरशात त्याला पाहिलं. "हा कुठून आला?" तो पुटपुटला. त्याचा आवाज खोटा नव्हता.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. ओहोटी होती, पुळण लांबपर्यंत मोकळी. मी नेहमीसारखी त्याच्या डाव्या बाजूनं चालत होते. लग्नापासून तीच माझी बाजू. बोलून टाकायचं ठरवून आले होते, पण घाटातल्या त्या प्रकारानंतर मी ते उद्यावर ढकललं. थोड्या वेळानं तो थांबला. उजवीकडे पाहिलं, मागे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं.

"अगं, कुठे गेलीस?"

मी हातभर अंतरावर उभी होते. आधी वाटलं, चेष्टा करतोय. मग त्याच्या कपाळावरची शीर दिसली. तो घाबरला होता. त्यानं मला मोठ्यानं हाक मारली. मी त्याच्या दंडाला हात लावला तर केवढ्यानं दचकला.

"अशी गुपचूप मागून येऊ नकोस," तो म्हणाला.

मी मागून आले नव्हते.

शनिवारी दुपारी, आम्ही उतरलो होतो त्या घरच्या वहिनींनी पानं वाढली. नवऱ्याच्या घरची शिस्त अशी की चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे आणि भाजी, आमटी उजवीकडेच हवी. कोणी उलटं वाढलं तर आमच्या सासूबाई पान बदलायला लावायच्या. वहिनींनीही तसंच नीट वाढलं होतं. अर्धं जेवण झाल्यावर नवरा म्हणाला, "वहिनी, चटणी नाही का आज?"

"वाढल्ये ना हो. ती काय."

त्यानं मान वळवली, चटणी सापडली, हसला. "भुकेनं डोळे गेले," म्हणाला. वहिनीही हसल्या. मी त्याच्या ताटाकडे बघत राहिले. उजवी बाजू लख्ख झाली होती. डाव्या बाजूला कोशिंबिरीतला काकडीचा तुकडाही हललेला नव्हता, लोणच्याची फोड वाढली तशीच होती.

जेवण झाल्यावर तो आडवा झाला आणि मी गाडीपाशी गेले. उन्हात त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं. आरसा, दरवाजा, मागचं चाक. सगळं डावीकडे. पिवळा रंग. काकांची राखाडी स्कूटर. सिग्नलला माझ्याकडे न बघणारा नवरा, मध विकणारा म्हातारा, पुळणीवरची हाक. तिथेच मला भाऊबीजेचा दिवस आठवला. त्या दुपारी त्याचं डोकं भयंकर दुखत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत म्हणाला होता. मी म्हटलं, फराळाचं पित्त झालंय. सूतशेखरची गोळी दिली आणि खोलीत अंधार करून त्याला झोपवलं. संध्याकाळी उठून तो चहा प्यायला, म्हणून मी विषय संपवला. ओरखडे त्यानंतरचे.

रविवारी सकाळी मी बॅगा भरल्या. तो पडवीत टेबलापाशी पेपर वाचत होता. मी गाडीची किल्ली त्याच्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावर ठेवली आणि समोर जाऊन बसले.

"निघू या," तो म्हणाला. "किल्ली?"

"टेबलावर आहे."

त्यानं पेपर उचलून पाहिला. साखरेचं भांडं सरकवलं. खिसे चाचपले. "नाहीये."

"टेबलावरच आहे."

"चेष्टा पुरे हं. दुपारच्या आत घाट चढायचाय."

मला रडू यायला लागलं. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचा राग उतरला. मग हळूच मान डावीकडे वळवली. किल्ली दिसली. तो तिच्याकडे बघत राहिला. मान सरळ केली. पुन्हा वळवली. असं त्यानं तीन-चारदा केलं, आणि दर वेळी त्याचा चेहरा जास्त जास्त पांढरा पडत गेला.

"महिन्यापूर्वीच चष्म्याचा नंबर काढलाय मी," तो म्हणाला. "शेवटची ओळसुद्धा वाचली होती."

"हो."

मग त्यानं किल्ली माझ्याकडे सरकवली. "क्लच हळू सोड," एवढंच म्हणाला.

माझ्याकडे लायसन्स आहे, पण सोसायटीच्या गल्लीपलीकडे मी कधी गाडी नेली नव्हती, कारण शेजारी बसून तो इतक्या सूचना करायचा की मला माझी स्कूटरच बरी वाटायची. त्या दिवशी ताम्हिणी मी दुसऱ्या गिअरमध्ये चढले. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले. त्यानं एकही सूचना केली नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. घाटमाथ्यावर जाणवलं की तो माझ्याकडे बघतोय.

"काय?"

"काही नाही. इथून दिसतेस तू."

आता मी त्याच्या उजवीकडे होते ना. चांदणी चौक येईपर्यंत तो बघत होता, आणि मला रस्त्यावरून नजर काढून त्याच्याकडे बघता येत नव्हतं.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तास-दीड तास तपासलं. "डोळे उत्तम आहेत," ते म्हणाले, "आणि तेच मला आवडलेलं नाही." मग डोक्याचं स्कॅनिंग झालं. मेंदूच्या मागच्या भागात, उजवीकडे, रक्ताची गुठळी अडकून गेली होती. तीन-एक महिन्यांपूर्वी असावी, म्हणजे भाऊबीजेलाच. दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या जगाची डावी बाजू तिनं नेली होती, आणि ती गेल्याचं कळूही दिलं नव्हतं. मेंदूच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, गाडी कायमची बंद केली. मी विचारलं, "गेलेलं परत येईल?" ते म्हणाले, "एवढ्या दिवसांनी आशा कमी. उरलेलं जाऊ नये, एवढं बघायचं. पुन्हा असं काही वाटलं तर घड्याळ बघत बसू नका, उचलून आणा." मी पित्ताबद्दल काहीच बोलले नाही. त्यांनी विचारलं नाही आणि मला सांगवेना. नवऱ्याला मात्र त्याच दिवशी रिक्षात सांगितलं. तो म्हणाला, "मलाही पित्तच वाटलं होतं."

घरी आल्यावर त्यानं आधी खांबावरची सूचना काढली. चिकटपट्टी निघेना, तर नखानं खरवडत बसला. मग एकटाच दुसऱ्या मजल्यावर गेला. काय बोलला ते मला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी काकांची राखाडी स्कूटर आपल्या जुन्या जागी उभी होती. मी रोज गाडी चालवायला लागल्यावर काका जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "कर्वेनगरला जाताना रस्त्यात घाई करू नका. गाडी तुम्ही बरी लावता."

आता आमच्या घरात सगळं उजवीकडे सरकलंय. टेबलावर मी त्याच्या उजवीकडे बसते, पलंगाची बाजू बदलली, रस्त्यानं चालताना मी त्याच्या उजव्या हाताला असते. ताटात चटणीसुद्धा उजवीकडे वाढते. सासूबाई असत्या तर पान बदलायला लावलं असतं. तो मान फिरवून डावीकडे बघायचा सराव करतो, आणि मी त्याला बघत असते. रोज सकाळी तो उठला की मी काहीतरी उगाच विचारते, घड्याळात किती वाजले, खिडकीत कबूतर आहे का. कशासाठी विचारते ते त्याला कळतं, तरी तो शहाण्यासारखा उत्तर देतो.

गेल्या मंगळवारी सकाळी उत्तर देताना तो जरा अडखळला. डोकं जड आहे म्हणाला. मी चहा नेऊन ठेवला आणि ओट्याकडे वळले.

"अगं, आज चहा नाही का?" त्यानं विचारलं.

मी मागे वळून पाहिलं. कप त्याच्या उजव्या हाताशी होता, वाफ येत होती. मी गॅस बंद केला आणि गाडीची किल्ली घेतली.