कप्तान अक्षता आणि पंधरा स्टिक

अक्षता ओव्हाळ रक्त काढते तेव्हा माणसाला कळतही नाही. बोपोडीच्या लॅबमध्ये लोक 'त्या उंच मॅडमना येऊ द्या' म्हणत खुर्चीत थांबून राहतात. तोच हात बाद फेरीत पेनल्टी स्ट्रोक घेताना काय करतो, ते मी सलग तीन वर्षं मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून बघितलंय. मी शेफाली, आमच्या खडकीच्या हॉकी संघाची गोलकीपर. मला राग लवकर येतो. साठ मिनिटं एका जागी उभं राहून लोकांच्या चुका बघायच्या, तर दुसरं काय येणार?

आम्ही पंधराजणी. दोन शिक्षिका, एक पोस्टातली, बऱ्याचशा कॉलेजच्या मुली आणि कर्वेनगरहून नदी ओलांडून स्कूटरवर येणारी मी. अक्षता पाच वर्षं आमची कप्तान आहे. ती कधी ओरडत नाही. मुळात ती मैदानावर जागी आहे की झोपेत, याचीच शंका यावी. हिवाळ्यात मुळा नदीकडून धुकं येतं आणि आमचं मैदान पार त्यात बुडून जातं. अशा सकाळी चेंडू दिसत नाही, नुसता स्टिकवर ऐकू येतो. बाकीच्या चाचपडत असतात आणि ही डोळे अर्धे मिटून चालत चालत बरोबर तिथे जाऊन उभी राहते. चेंडू आपणहून तिच्या पायाशी येतो, घरच्या मांजरासारखा. गेल्या वर्षी साखळीत तिनं अकरा गोल केले आणि एकाही गोलनंतर हात वर केला नाही.

आणि मग बाद फेरी. पहिल्या वर्षी स्ट्रोक खांबाला लागला. दुसऱ्या वर्षी कीपरच्या पॅडवर. तिसऱ्या वर्षी उपांत्य सामना, शेवटची चार मिनिटं, बरोबरी. पंचांनी शिट्टी दिली. अक्षता उभीच. अखेर तिनं चेंडू इतका हलकेच ढकलला, की समोरच्या कीपरनं तो पायानं अडवला आणि वर आश्चर्यानं हिच्याकडे बघितलं. दोन मिनिटांनी आमच्यावर गोल झाला. तो माझ्यावर झाला, म्हणून जास्त लागला.

स्ट्रोक दुसऱ्या कुणाला का देत नाही, असं कुणीही विचारेल. आमच्यात तसं चालत नाही. संघ ज्यांनी उभा केला, त्या धोंडिबासरांचा दंडक होता की स्ट्रोक कप्तानानंच घ्यायचा. मान ज्याचा, त्यानंच मारही खायचा. सर गेले, दंडक राहिला.

"ताई, रिस्पेक्ट आहे, पण तीन वर्षं यार," कॉलेजातली अवनी म्हणाली. "कॅप्टन बदलूया ना."

तिचं काहीच चुकत नव्हतं. मी तर हेच दोन वर्षं सगळ्यांना ऐकवत होते. म्हणून एका रविवारी अक्षताच्याच घरी गेले, भांडायच्या तयारीनं.

तिच्या आईनं, सुंदराबाईंनी, चहा ठेवला. "एवढीशी शीर सापडते हिला," त्या म्हणाल्या, "आणि एवढा मोठा गोल सापडत नाही. बघ बाई, तुला काही कळलं तर मलाही सांग."

अक्षता हसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "शिट्टी वाजली ना, की सगळं थांबतं. कुणाचा आवाज नाही. ते निळं टर्फ पाण्यासारखं दिसायला लागतं, चेंडू वर तरंगतोय असं वाटतं. सगळ्या माझ्याकडे बघतायत, आणि अजून कुणी हरलेलं नाही. इतकं छान वाटतं गं. आता मारला की हे मोडणार, असं वाटतं."

"घाबरतेस, असं सरळ सांग."

"घाबरले असते तर बरं झालं असतं."

मी कप खाली ठेवला. असल्या उत्तराशी भांडायचं कसं? "मग सोड कप्तानी," मी म्हटलं.

"हरल्यावर कप्तानानं आपणहून दंडावरची पट्टी काढली, तर त्याला पळणं म्हणतात. मी नाही सोडणार. तुम्ही ठरवा."

मला वाटलं, हिला कप्तानी हवी आहे.

जानेवारीत आम्ही ठरवायला जमलो. आमच्याकडे चिठ्ठ्या नसतात. सगळ्यांनी पाठ करून उभं राहायचं. एकेकीनं जायचं आणि मधल्या रेषेवर आपली स्टिक ठेवायची. वळलेलं टोक गोलकडे, म्हणजे तीच कप्तान राहू दे; मैदानाच्या फाटकाकडे, म्हणजे बदला. कप्तानाची पाळी सर्वांत शेवटी. माझी तिच्या आधी, चौदावी.

धुक्यात तेरा स्टिक पडल्या होत्या. सात गोलकडे, सहा फाटकाकडे. मी दोनदा मोजल्या. माझी फाटकाकडे ठेवली असती तर सात-सात झाले असते आणि निकाल अक्षताच्याच हातात गेला असता. फाटकाकडे ठेवायलाच तर मी आले होते. मी वाकले आणि सहज मान वळवली. सगळ्यांच्या ओळीत तिची पाठ दिसली. सर्वांत उंच, जरा पुढे झुकलेली, दोन्ही हात जर्सीत ओढून घेतलेले. पाच वर्षं मी त्या पाठीमागे उभी आहे. माझ्याच्यानं नाही झालं. मी स्टिक गोलकडे टोक करून ठेवली आणि मला एकदम फार मोकळं वाटलं.

अक्षता गेली. बराच वेळ गेला. मग तिनं हाक मारली आणि आम्ही वळलो. आठ विरुद्ध सात. अवनीनंच आधी टाळ्या वाजवल्या, मग पळत जाऊन तिला मिठी मारली. सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. मी आपली स्टिक उचलायला वाकले तेव्हा दिसलं, की फाटकाकडच्या सातांत एक हिरव्या टेपची होती. ती अक्षताची.

ती माझ्याजवळ आली. गोलकीपरची स्टिक वेगळ्या वळणाची असते, कुणाचीही चटकन ओळखू येते. तिनं माझी ठेवलेली बघितली होती, आणि नंतर आपली ठेवली होती.

"मला आता नुसतं खेळायचं होतं गं," ती हळूच म्हणाली. "तू तरी मला सोडवशील असं वाटलं होतं."

मग तिनं पट्टीसाठी दंड पुढे केला. गाठ मलाच मारावी लागली.