चौथी मुक्ता

श्यामलाबाईंच्या आईची शेवटची वर्षं डायलिसिसवर गेली. साखरेने आधी डोळे नेले, मग किडन्या. श्यामलाबाईंना स्वतःलाही चाळिशीतच साखर निघाली. आणि आता त्यांची एकुलती एक लेक मुक्ता नवऱ्याला किडनी द्यायला निघाली होती. तिच्या तपासण्या उत्तम आल्या होत्या, डॉक्टर म्हणाले, काही अडचण नाही. आज नाही, हे श्यामलाबाईंनाही मान्य होतं. पण मुक्ता पन्नाशीची होईल, घरातली साखर तिलाही गाठेल, तेव्हा उरलेल्या एकीवर तिचं कसं निभणार? भाजी निवडताना, बसची वाट बघताना, देवापुढे हात जोडताना हेच डोक्यात.

मुक्ता हे नाव त्यांनीच ठेवलेलं. आत्याबाईंच्या मनात शेफाली होतं. पण श्यामलाबाई इतिहास घेऊन बी. ए. झालेल्या. नाव कसं, आधी कुणीतरी मोठं करून ठेवलेलं असावं, असा त्यांचा हट्ट. आत्याबाई म्हणाल्या, "मग परीक्षेला बसव तिला लगेच." आणि बाळाच्या कानात मुक्ता म्हणून मोकळ्या झाल्या.

सातवीत बाईंनी आपापल्या नावाच्या थोर माणसांवर बोलायला सांगितलं. बाकीच्या मुलींना एकेक मिळताना मारामार, आणि मुक्ताच्या वाट्याला आल्या तीन. ज्ञानोबांची धाकटी बहीण, दार लावून रुसून बसलेल्या भावाची समजूत काढणारी, पुढे वीज कडाडली आणि दिसेनाशी झाली ती. दुसरी इथलीच, पुण्यातली. फुल्यांच्या शाळेत शिकलेली आणि चौदाव्या वर्षी निबंध लिहून भल्याभल्यांना जाब विचारणारी. तिसरी अहिल्यादेवींची लेक. मुलगा गेला, नवरा गेला आणि ती सती गेली.

"तिच्या आईने तिला धरून का नाही ठेवलं?" मुक्ताने तेव्हा आईला विचारलं होतं.

"खूप विनवलं गं. तिने नाही ऐकलं."

"एवढं राज्य होतं ना आईकडे?"

"राज्य होतं."

वर्गात मुक्ता पहिल्या दोघींवरच बोलली. तिसरीचं सांगितलं तर मुली रडतील, म्हणाली.

मोठी होत गेली तशी ती पहिल्या दोघींसारखीच निघाली. समजूतही काढायची आणि जाबही विचारायची. बी. कॉम. झाली, पतपेढीत चिकटली, मग मार्केट यार्डातल्या फुलांच्या गाळ्यावरच्या आनंदशी तिने लग्न ठरवलं. नारायण पेठेतल्या शेजारणींनी "फुलांत पडली म्हणायची" असं तोंडावर म्हणून घेतलं. मुक्ताने नोकरी सोडली आणि पहाटे गाळ्यावर जाऊ लागली. शेवंतीची पोती उघडून तळाचा माल आधी बघायचा, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. "वहिनी आल्या, आता वजनासाठी भिजवलेला झेंडू खपणार नाही," असं शेतकरी आपसांत बोलत, आणि ती ऐकून हसे.

आनंद गरीब स्वभावाचा. पायांना सूज यायची, तर दिवसभर उभं राहण्याला दोष देत तो दुखण्यावरच्या गोळ्या खात राहिला. निदान झालं तेव्हा फार उशीर झाला होता.

समुपदेशनाला श्यामलाबाई बरोबर गेल्या होत्या. तिथल्या मॅडम सरळ म्हणाल्या, "सख्खा भाऊ असेल तर त्यांचीही तपासणी करून बघा. बरेचदा जास्त चांगलं जुळतं."

सख्खा भाऊ होता. हिंमतराव, आनंदहून थोरले, दर रविवारी सिंहगड चढणारे. पण त्या घरात ती गोष्ट परत निघालीच नाही. वडील लवकर गेले, हिंमतरावांनी धाकट्याला वाढवलं, म्हणून आनंद त्यांच्याकडे मागणार नाही. हिंमतराव आपणहून बोलत नव्हते. सासूबाई बायडाबाई म्हणत, "थोरल्यावर समदा धंदा हाय." आणि मुक्ताने तर पहिल्याच दिवशी, कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं होतं, मी देते. मग इतरांना विचारायचं कुणी आणि कशाला?

राहिल्या श्यामलाबाई. त्या मुलीची आई. लग्न झाल्यापासून व्याह्यांच्या घरी त्यांनी कशाची अपेक्षा केली नव्हती. चहा विचारला तरी आधी "राहू द्या" म्हणायच्या.

गेल्या रविवारी त्या बिबवेवाडीला गेल्या. हिंमतराव गडावरून येऊन पोहे खात होते. आनंद पलंगावर, मुक्ता त्याला पाणी मोजून देत होती. श्यामलाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "हिंमतराव, तुमचा रक्तगट काय हो?"

हिंमतरावांचा चमचा थांबला. आनंदने भिंतीकडे मान वळवली.

"पोहे घ्या की, विहीणबाई," बायडाबाई म्हणाल्या. "गार व्हाया लागलेत."

"राहू द्या," श्यामलाबाई म्हणाल्या, आणि बशी मांडीवर घेऊन बसल्या. हिंमतराव पुन्हा पोहे खाऊ लागले. श्यामलाबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

रिक्षापर्यंत सोडायला मुक्ता खाली आली.

"आई, रक्तगट विचारतेस? लग्न जमवायचंय का भाऊजींचं?"

"त्या मॅडम म्हणाल्या होत्या गं."

"त्यांना पुढे यायचं असतं तर आले असते. आनंदला कळलं की भाऊ नाही म्हणाला, तर तो तिथेच संपेल. त्यापेक्षा कुणी विचारलंच नाही, हे बरं."

"आणि तुझं काय? आजीचं बघितलंयस तू."

"बघितलंय. म्हणून त्याला तसं ठेवणार नाही." मग आईचा चेहरा बघून ती म्हणाली, "मी काही चितेवर चाललेली नाही. दोन असतात, एक देतेय. तू काय अहिल्याबाई झालीस का?"

श्यामलाबाईंना हसू आलं नाही. मुलीला विनवून काही होणार नाही, हे त्यांना रिक्षात बसतानाच कळलं. तिचं चुकत होतं असंही त्यांना म्हणता येईना. जावई त्यांनाही हवाच होता.

विनवायला आता एकच माणूस उरला होता. तो नाही म्हणू शकत होता. म्हणाला तर गोष्ट मुक्तापर्यंत जाणार, आणि ती कदाचित बोलायचं टाकेल. शस्त्रक्रियेच्या तोंडावर. हे सगळं त्यांनी पुन्हा पुन्हा मनात फिरवून पाहिलं. दुसरा मार्ग सापडेना.

घरी फोन केला तर बायडाबाई शेजारी असतात. सकाळचा लिलाव आटोपला की हिंमतराव गाळ्यावर चहा मागवतात, तेव्हा ते एकटे असतात. उद्या तेव्हाच त्यांना फोन करायचा, असं श्यामलाबाईंनी ठरवलं. रक्तगट विचारायचा नाही. 'तुम्ही एकदा तपासून घ्या,' एवढंच म्हणायचं, आणि ते बोलेपर्यंत फोन ठेवायचा नाही.