टेसनावरचा खलाशी

धाकटा भाऊ मुंबईत खलाशी झाल्याचा निरोप आला, तेव्हा मायनं गूळ वाटला. आमच्याकडे खलाशी म्हणजे रेल्वेचा माणूस. वाशिमच्या स्टेशनावर कंदील पुसणारा. मंगरूळपीरहून वाशिमला जायची वेळ आली की माय तिथल्या खलाशाला भाकर नेऊन द्यायची. परगावी आपल्या लेकरालाही कोणी देत असेल, असं तिला वाटे.

मी शाळेत मास्तर होतो. संध्याकाळी पारावर वर्तमानपत्र वाचून दाखवी. त्या हिवाळ्यात एका शिडाच्या जहाजाची बातमी सारखी येत होती. बसऱ्याहून खजूर आणताना भर समुद्रात त्याच्या तांडेलाचा, म्हणजे जहाज हाकणाऱ्या मुख्य माणसाचा, खून झाला होता. लोक मन लावून ऐकत, मीही रंगवून वाची. एका संध्याकाळी पुढची ओळ आली. मारेकरी जहाजावरचाच एक खलाशी होता आणि आड आलेल्या दुसऱ्या खलाशाला त्यानं पाण्यात लोटलं होतं. दोघांतला एक वऱ्हाडातला. कोणता, ते दिलं नव्हतं.

मी वर्तमानपत्राची घडी घालून घरी निघालो. वऱ्हाडातून समुद्रावर आणखी कोण जाणार?

माय चुलीपुढे होती. तिला सगळं सांगितलं.

“खलाशी तं टेसनावर राह्यते नं?”

“जहाजावरही राह्यते, माय.”

तव्यावरची भाकर करपली तरी ती हलली नाही. त्याला तर विहिरीत उतरायचंही भ्या वाटे, एवढंच पुटपुटली.

त्यानंतर दारात कोणाच्या वहाणा वाजल्या की आम्ही एकमेकांकडे पाहायचं टाळत असू. बुडालेला आपला असू नये असं मनात आणावं, तर मारणारा आपला ठरत होता. एका गुरुवारी माय दर्ग्यात जाऊन आली. दोरा हातात तसाच होता.

“काय मांगू, तेच समजलं नाही,” ती म्हणाली.

तुरी खळ्यावर आल्या तेव्हा पोलीस पाटील आले. पाण्यात लोटलेला आमचा होता.

“म्हंजे त्यानं नाही मारलं,” माय म्हणाली आणि उंबऱ्यावरच खाली बसली.

पुढे वाशिमला गेलो तेव्हाही तिच्या फडक्यात भाकर होती. खलाशानं ती घेतली आणि नेहमीसारखं विचारलं, पोरगं आता कोणत्या स्टेशनावर आहे म्हणून. मी रुळांकडे पाहत राहिलो.

“लय दूर हाये बापा,” माय म्हणाली.